गेलेल्यांचा दगड

आमच्या शेलार गावच्या नाक्यावर, पिंपळाच्या पाराला लागून एक काळा दगड उभा आहे. त्यावर माझं नाव कोरलंय, आणि नावाच्या आधी एक खड्डा आहे. नवा माणूस विचारतो, "काळूरामकाका, हे काय?" मी म्हणतो, "तिथं मी मेलो होतो. मग मला खरवडून जिता केला." लोक हसतात. हसू देत. पण त्या दगडाची गोष्ट माझी नाही, ठकुबाईची आहे.

ठकुबाई म्हणजे चिंधूची बायको. चिंधू माझ्या आळीतला, माझ्याहून थोडा मोठा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं नाव ठेवलं चिंधू. चिंधी कोण उचलून नेणार? पण गडी कसला राजबिंडा हो! भर पावसात कामवारी नदीच्या पाण्यात उडी टाकायचा आणि पलीकडच्या काठावरून मला शिव्या घालायचा, "ये की रं, भित्र्या!" तेव्हा इकडं कापडाच्या लूमचा खडखडाट नव्हता. काठावर शीळ घातली तर गावात ऐकू यायची.

जर्मनच्या लढाईत इंग्रज माणसं भरती करत होता. आम्ही दोघं भिवंडीच्या बाजाराला बैल बघायला गेलो आणि फौजेत नाव देऊन आलो. बैल राहिला बाजूला! माझ्या बापानं मला जोड्यानं हाणला. ठकुबाई, तेव्हा कोवळी पोर, आम्ही निघालो तशी वेशीपर्यंत आली आणि उभी राहिली.

ब्रह्मदेशात आमच्या पलटणी वेगळ्या झाल्या. मी परत आलो, चिंधू आला नाही. सरकारनं कळवलं, 'बेपत्ता'. मास्तरांनी शब्द वाचून दाखवला तशी ठकुबाई म्हणाली, "बेपत्ता म्हंजे पत्ता न्हाय, आसंच ना? सरकारकडं नसंल. घरचा पत्ता त्याला ठाव हाय. येल." आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून भाताच्या लावणीला गेली. तेव्हापासून ते कुंकू कधी बारीक झालं नाही. केस पिकले तरी नाही.

बांगलादेशची लढाई झाली आणि आमच्या गावचा जवान दौलत तिथून कुबडी घेऊन घरी आला. गावानं लेझीम खेळत आणला त्याला. त्याच उत्साहात सरपंच केसरीनाथ म्हणाला, नाक्यावर दगड उभारू, शहिदांची नावं टाकू. हा माझा पुतण्या. दोन लूम टाकल्यापासून अंगात वारं भरलेलं, पण मनानं चांगला.

"शहीद किती आपले?" मी विचारलं.

"राघो. पासष्टच्या लढाईतला."

"आन् चिंधू? त्याला मेल्यांत घातलास तर ठकुवयनीचं कुंकू पुसशील. न्हाय घातलास तर तो लढलाच न्हाय म्हनायचा. हाय का उत्तर?"

मग मीच तोड काढली. लढाईला गेलेल्या सगळ्यांची नावं टाकायची. मेले, जगले, हरवले, सगळे एका रांगेत. राघो, चिंधू, दौलत आणि मी. केसरीनाथ खूश झाला. मीही स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू?

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी पाथरवट दगड घेऊन आला. सगळा गाव पारावर जमला. गोणपाट काढलं आणि दौलत मोठ्यानं वाचू लागला, "कैलासवासी राघो. कैलासवासी चिंधू. कैलासवासी काळूराम. कैलासवासी... आयला, मी कवा मेलो?"

माझी बायको गुणाबाई आधी पदरात हसली आणि मग हळूच तिनं स्वतःच्या कुंकवाला हात लावून पाहिला. मी पाथरवटावर धावूनच गेलो.

"भाड्या, हे काय केलंस?"

"तुमच्या सरपंचांनीच सांगितलं, ही आमच्या गेलेल्यांची नावं हायत."

"गेलेले म्हंजे लढाईला गेलेले!"

"आमच्यात गेलेले म्हंजे गेलेलेच. जित्या माणसाचं नाव दगडावर कोन घालतं, बाबा?"

छिन्नी घेऊन बसला बिचारा. माझं 'कै.' उडवलं, दौलतचं उडवलं. राघोचं राहणारच होतं. मग चिंधूच्या नावावर छिन्नी टेकवून त्यानं मान वर केली. "ह्याचं काय करू?"

सगळे ठकुबाईकडं बघायला लागले. मी ओरडलो, "इचारतोस काय? काढ!"

"थांब रं," ठकुबाई पुढं झाली. "भावजी, काय लिवलंय त्याच्या म्होरं?"

"चूक हाय ती, वयनी. आत्ता काढतो."

"काय लिवलंय?"

"कैलासवासी."

तिला वाचता येत नव्हतं. मी नाव दाखवलं. तिनं त्यावरून हात फिरवला, सावकाश, ताप आलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "वयनी, येड लागलंय का? इतकी वर्सं त्याच्या नावाचं कुंकू लावलंत ना?"

"लावलं. पर दर पितरपाखाला गावात घराघरात पान ठेवत्यात. माझ्या घरी न्हाय. जित्या मान्साला पान कसं ठेवायचं? येल येल म्हनून मी त्याला उपाशी ठेवला, भावजी. कुठल्या मुलखाच्या मातीत पडलाय, कोनी घास दिला नसंल. मला लय दिसांपास्न कळलंय. तोंडानं कोन बोलनार? तुमी बी न्हाय बोललात. आज दगड बोलला. ऱ्हाऊ द्या."

मी तिथंच पारावर बसून रडलो. फौजी माणूस, सगळ्या गावासमोर. लाज नाही वाटली.

केसरीनाथची आई ठमाबाई, गावातली जुनी जाणती, उठली. अशा वेळी करायचं ते करायला तिनं ठकुबाईच्या कपाळाकडं हात नेला. ठकुबाईनं मनगट धरलं तिचं.

"दगडावर तुमी काय बी लिवा, आत्या. कपाळ माझं हाय."

ठमाबाईनं हात मागं घेतला.

सर्वपित्रीला तिनं मला बोलावलं. म्हणाली, त्याच्या जागेवर तुमी बसा. कुंकू लावून नवऱ्याच्या नावाचं पान वाढणारी बाई शेलारनं पहिल्यांदा पाहिली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं केलं होतं. एक पान बाहेर ठेवून आली आणि माझ्यासमोर बसली. मी पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी पानावर पडायला लागलं.

तिनं आणखी एक वडा वाढला. "जेवा, भावजी. पोटभर जेवा. लय वर्सांचा भुका हाय तो."