बॅटरीच्या उजेडात न दिसणारी झडप

मंगळवारी सकाळी सव्वासातला रघुजींना मऊभात भरवताना ठसका लागला आणि तो थांबेचना. आठच्या सुमारास मुलगा श्रीकांत त्यांना बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या दवाखान्यात घेऊन आला.

तिथे बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम सुचेता घेत असे. पुण्याहून येऊन तिला चार वर्षं झाली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर महिनाभर रघुजी तिच्याकडेच येत होते. आठवडाभर ठसका लागला नाही तर नाकातून जेवणाची नळी घालायची नाही, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. रघुजींना नळी नको होती. अडखळत का होईना, ते तेवढंच स्पष्ट बोलत.

भात कुणी दिला, असं सुचेताने विचारलं. रघुजींच्या पत्नी सकवारबाई म्हणाल्या, मीच दिला. गिळताना झडप नीट पडत नाही असं शनिवारी कळलं, म्हणून अंगठ्याला मीठ-हळद लावून तीन दिवस रोज सकाळी ती वर दाबली, आणि आता बरी झाली असं वाटून भात भरवला. त्यांच्या घरात हे पूर्वापार चालत आलेलं.

"वर चढली ती, अक्का. मी डोळ्यांनी बघितली."

सुचेताला शनिवार आठवला. दिवसातला एकविसावा पेशंट. घशाच्या चित्राचा तक्ता पलीकडच्या खोलीत होता, आणि उठायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिने रघुजींना आ करायला लावला, बॅटरी मारली आणि सांगितलं, इथे मागे झडप असते, गिळताना ती श्वासनळी झाकते. त्या उजेडात दिसत होती फक्त पडजीभ. झडप तिच्या बरीच खाली, जिभेच्या मुळामागे.

"तुम्ही उचललीत ती पडजीभ," ती म्हणाली. "झडप वेगळी. ती अशी दिसत नाही."

"मग त्या दिवशी बोट कशाकडे केलं होतंत?"

सुचेताने फाइल पुढे ओढली.

"आमच्या सासूबाईंनी इथल्या निम्म्या शिवाजीनगरच्या पडजिभा उचलल्या. ठसका नाही लागला कुणाला."

"स्वल्प थांब, आई," श्रीकांत म्हणाला.

सुचेताने फाइलमध्ये लिहिलं : शनिवारी नातेवाइकांना तक्ता दाखवला नाही. खाली सही केली.

एक वाजता एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग दिसला; भात श्वासनळीत गेला होता. चार वाजता ताप एकशे दोन. नळीच्या संमतीपत्रावर श्रीकांतने सही केली. रघुजींनी मान भिंतीकडे वळवली. साडेपाच वाजले तरी ती तशीच होती, आणि नळी घातलेली नव्हती.