न चढलेली भूल

ठमाबाईंचा जबडा सुजला तेव्हा सुभाषनं, त्यांच्या मुलानं, त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. आणे गावाहून आळेफाट्यापर्यंत त्या 'गाडी मागं फिरव' म्हणत राहिल्या. दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसल्यावर त्यांनी डॉक्टर हर्षालीचं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, मागं जुन्नरला एक दाढ काढली व्हती. दोघी नर्सबायांनी मला दाबून धरलं व्हतं."

"इंजेक्शन दिलं नव्हतं का आजी?"

"दिलं की. मी बोंबलले तर डॉक्टर म्हनला, बधिर झालंय, नाटकं करू नका."

"तेव्हाही अशीच सूज होती?"

"व्हय. गाल ह्यो एवढा."

त्या दिवशी हर्षालीनं दाढेला हात लावला नाही. गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावर या म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिनं आधी ब्लडप्रेशर बघितलं. सुभाषनं विचारलं, "इंजेक्शनं सगळी सारखीच ना?"

"नाही. रोज वापरतो ते लिग्नोकेन. चांगलंच आहे, पण पू असला की नीट लागत नाही. आर्टिकेन हाडातून जास्त झिरपतं. तिसरं एक आहे, त्यात भूल टिकवणारं पण हृदयाची धडधड वाढवणारं ॲड्रेनलिन नसतं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांना कधी कधी ते देतो, पण त्याचा असर लवकर उतरतो. आजींचं प्रेशर गोळीनं ताब्यात आहे, म्हणून त्यांना आधी लिग्नोकेननं मागची नस बधिर करते, मग दाढेशेजारी थोडं आर्टिकेन."

सुई टोचल्यावर ती थांबली. हिरडीला टोकदार काडी लावून टोचतंय का विचारलं, पुन्हा थांबली, पुन्हा विचारलं. मग काहीतरी कुरकुरलं आणि ट्रेमध्ये दाढ वाजली.

"झालं?" ठमाबाईंनी सुन्न ओठानं विचारलं.

"झालं."

हर्षाली हसली. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दुखतंय का आजी?"

"न्हाई. कायबी दुखलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हंजी असं बी व्हतं?"

जुन्नरला त्या ओरडल्या तेव्हा त्यांचे यजमान, गेणभाऊ, दाराबाहेर उभे होते. पुढं गेणभाऊंची दाढ किडली. त्यांनी लवंग दाबली, फडकं बांधलं, पण दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. 'तुझं ओरडणं ऐकलंय मी,' एवढंच म्हणायचे. सूज गळ्यात उतरली आणि पुण्याला नेताना वाटेतच त्यांचा श्वास कोंडला. दाढेनं माणूस जातो का, असं भावकी कितीतरी दिवस विचारत होती.

जखम भरल्यावर ठमाबाई एकट्याच एसटीनं जुन्नरला गेल्या. तेव्हा त्यांची दाढ काढणाऱ्या बाळासाहेब डॉक्टरांचा दवाखाना आता काचेच्या दाराचा झाला होता. त्यांनी ठमाबाईंना ओळखलं नाही. ठमाबाईंनी सगळं सांगितलं, गेणभाऊंचंही.

"वाईट झालं," डॉक्टर म्हणाले. "पण आजी, पू असला की भूल चढत नाही. त्याला मी काय करणार?"

"तवा तुमाला ठावं व्हतं?"

"ते सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं."

"मंग मी नाटकं करती असं का म्हनलात?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "बाहेर गर्दी बघा केवढी आहे. तेव्हाही असायची. प्रत्येकाला परत बोलवत बसलो तर कसं व्हायचं? बसा, आलाच आहात तर बाकीचे दात बघतो. पैसे नकोत."

ठमाबाईंना त्या खुर्चीवर थुंकावंसं वाटलं. त्या बाहेर आल्या.

बाकड्यावर एक तरणी बाई गालाला पदर लावून बसली होती. सूज डोळ्यापर्यंत चढली होती.

"ऊठ," ठमाबाई म्हणाल्या. "इथं नगं. आळेफाट्याला चल माझ्यासंगं. ती पोरगी आधी सूज उतरवती. दुखत न्हाई."

"न्हाई मावशे. आमचे हेच डॉक्टर हायेत. सासऱ्यांच्या वळखीचे."

"अगं, तुला दाबून धरत्याल."

"तुमी पुढं व्हा," ती बाई अवघडून म्हणाली आणि दुसरीकडं बघू लागली.

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठून आत गेली. ठमाबाई स्टँडकडं चालू लागल्या. त्या थांबल्या असत्या तर त्यांना तिचं ओरडणं ऐकावं लागलं असतं.