घड्याळवाल्यांची सरासरी

मजा म्हणून बोलिंग खेळणारा माणूस आणि लीग खेळणारा माणूस यांच्यात फरक असतो तो एका काळ्या रेघेचा. मजेला आलेला माणूस रेघ ओलांडून दोन पावलं पुढे जातो, बॉल टाकतो, घसरतो आणि हसत परत येतो. लीगमध्ये त्या रेघेला बुटाचं टोक जरी लागलं तरी बझर वाजतो आणि त्या बॉलचे गुण शून्य. हे मी दर वर्षी सहा आठवडे, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, नवशिक्यांना समजावते. एरवी मी काउंटरवर बूट देते. एकोणीस वर्षं लीग खेळले, मग माझ्या गुडघ्याने हात टेकले आणि मालकांनी हा वर्ग माझ्या गळ्यात मारला.

या वर्षी आठ जण होते. एक सलूनवाला होता. बॉल सुटल्यावर हाताने, कमरेने आणि तोंडाने तो बॉलला वळायला सांगायचा. बॉलने त्याचं एकदाही ऐकलं नाही. बाकीचे पाच जण नाकासमोर चालणारे. आणि उरलेले दोघे म्हणजे घड्याळवाले आणि त्यांची लेक.

घड्याळवाले साठीचे, घड्याळं दुरुस्त करणारे. लेक एकोणतीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती दहा वर्षांची असल्यापासून दोघं दर गुरुवारी आमच्याकडे खेळायला यायचे. ती वेगळी राहायला लागली, तरी गुरुवार तेवढा राहिला होता. दोन बस बदलून यायची. लीगचा फॉर्म तिनेच भरला, दोघांच्या जोडीचा.

"बाबांना जरा चार माणसांत आणायचंय," मला बाजूला घेऊन ती म्हणाली. "खेळात तसे ते यथातथाच आहेत. पण मी सांभाळून घेईन."

मीही मान डोलावली. तिची डावामागची सरासरी एकशेचाळीस गुणांच्या आसपास होती, नवशिक्यांत ती उठून दिसायची. वडील तिच्या जरासेच मागे.

तिसऱ्या आठवड्यात माझं मनगटी घड्याळ बंद पडलं. घड्याळवाल्यांनी ते तिथेच काउंटरवर उघडलं आणि खसखशीएवढा एक स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवला. हात तसूभर हलला नाही. मग ते खेळायला गेले, नऊ फ्रेम लेकीच्या बरोबरीने खेळले, आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या फ्रेमला कोपऱ्यातली एकटी उभी पिन त्यांनी चुकवली. बॉल तिच्या उजवीकडून गेला. त्याच्या आदल्या गुरुवारीही असाच गेला होता. त्याच बाजूने, तेवढ्याच अंतराने.

मला शंका आली की मी स्वस्थ बसत नाही. कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या सभासद कार्डावर मागच्या चार वर्षांचे डाव होते. चार वर्षांत घड्याळवाले एकदाही जिंकले नव्हते, आणि एकदाही नऊपेक्षा जास्त पिनांनी हरले नव्हते. इतकं नेमकं हरायला जिंकण्यापेक्षा जास्त कसब लागतं.

घरच्या खेळात कुणी मुद्दाम हरलं तर कुणाचं काही जात नाही. लीगमध्ये जातं. तिथे कच्च्या खेळाडूला हँडिकॅप मिळतो, म्हणजे सरासरी जितकी कमी तितके जास्त गुण त्याला आधीच बहाल केले जातात. म्हणून सरासरी खरी असावी लागते. मुद्दाम कमी खेळून हँडिकॅप लाटणाऱ्याचं नाव आम्ही कायमचं काढतो. सरासरीच्या कागदावर सही माझी असते.

चौथ्या गुरुवारी लेक फोनवर बोलायला बाहेर गेली, तेव्हा मी घड्याळवाल्यांना गाठलं.

"तुमची खरी सरासरी किती आहे?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "एकशेनव्वद असावी. मोजली नाही कधी."

"का?"

"मोजायला डाव शेवटपर्यंत खेळावा लागतो ना, बाई."

मग त्यांनी सांगितलं. तिची आई गेली त्या वर्षी पोरीने बोलणंच टाकलं होतं. शाळेत लक्ष नाही, जेवणावर वासना नाही. एक दिवस ते तिला इथे घेऊन आले. ती जिंकली, आणि घरी जाईपर्यंत तिच्या तोंडाला खळ नव्हता. "मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी अजून एकदा जिंकू दे. ते अजून एकदा काही संपलंच नाही."

"आता सांगून टाका."

"आणि यायची बंद झाली तर? जिंकायला येते ती. हरायला कोण दोन बस बदलून येईल? त्यापेक्षा मी नाव काढून घेतो. पाठ धरली म्हणून सांगतो."

"फॉर्म जोडीचा आहे. तुम्ही गेलात की तीही गेली. आणि खोट्या सरासरीवर मी सही करणार नाही."

मला त्यांची कीव आली होती आणि रागही आला होता, पण राग जास्त. एकोणीस वर्षांत मी कुणाला एक पिन फुकट दिली नाही, आणि इथे हा गृहस्थ एकोणीस वर्षं पोरीला डावच्या डाव देत आला होता.

सहाव्या गुरुवारी सरासरी ठरवायचे तीन डाव झाले. घड्याळवाल्यांनी पहिल्या डावात एकशेअठ्ठ्याऐंशी केले. लेकीने टाळ्या वाजवल्या. "बाबा, आज काय खाऊन आलात?" दुसऱ्यात एकशेचौऱ्याण्णव, तेव्हा ती उठून लेनजवळ येऊन उभी राहिली. तिसऱ्या डावात ती पिनांकडे बघतच नव्हती, वडिलांच्या हाताकडे बघत होती. एकशेएक्याण्णव. तिचे स्वतःचे एकशेसव्वीसवर अडकले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

घड्याळवाले फडक्याने बॉल पुसत होते. "पहिल्यापासून."

"सगळे डाव?"

"पहिला सोडून. तो तू खरंच जिंकली होतीस. दोन पिनांनी."

"मी दुकानात सगळ्यांना सांगते, बाबांना मीच सांभाळून घेते म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "मला तुमचा फार राग आलाय, बाबा. मी काय कायम दहा वर्षांचीच राहणार होते?"

ती काउंटरवर आली, जोडीच्या फॉर्मवरचं वडिलांचं नाव खोडलं आणि तिथे सलूनवाल्याचं लिहिलं. सलूनवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, पण त्याने लगेच होकार दिला. घड्याळवाले बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते, आणि एवढ्याशा कामाला त्यांना फार वेळ लागला.

"लीगच्या पहिल्या आठवड्यात आमची जोडी यांच्यासमोर लावा," ती मला म्हणाली.

"त्यांना आता जोडीदार कुठेय?"

"तुम्ही आहात की."

माझ्या गुडघ्याला कुणी विचारलं नाही. पण हा घोळ मीच घातला होता, तेव्हा निस्तरणंही माझ्याकडेच आलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही खेळलो. मी वाईट खेळले, सलूनवाला माझ्याहून वाईट. लेक मात्र दात-ओठ खाऊन खेळत होती. शेवटच्या डावाच्या दहाव्या फ्रेमपर्यंत हँडिकॅप धरून दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. घड्याळवाल्यांचा एक बॉल बाकी होता, समोर कोपऱ्यातली एक पिन. ती पडली तर आम्ही जिंकणार होतो. ते बॉल घेऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. शेजारच्या लेनवरचा माणूस ताटकळला.

"बाबा," लेक बाकावरून म्हणाली, "मी बघतेय."

त्यांनी बॉल टाकला. पिन पडली.

लेकीने माझ्याशी हात मिळवला, मग त्यांच्याशी. पिशवी उचलून ती सरळ बस धरायला गेली. खेळ झाल्यावरची नेहमीची कॉफीसुद्धा घेतली नाही. घड्याळवाले तिचा कप घेऊन तसेच उभे होते. त्या आठवड्यात ते तीनदा काही ना काही निमित्त काढून काउंटरवर आले. तिचा फोन आला होता का, असं मी एकदा विचारलं. नाही म्हणाले. मी माझं तोंड आवरायला हवं होतं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या गुरुवारी लीग नेहमीप्रमाणे सहाला होती. साडेचारला दार उघडलं आणि लेक आत आली. एकटीच.

"तासभर लेन मिळेल? सराव करायचाय. तुम्ही शिकवाल?"

"मी कशाला? तुझे बाबा माझ्यापेक्षा दुपटीने चांगले खेळतात. त्यांना विचार."

ती बूट घालत होती. "त्यांना कसं विचारू?" ती म्हणाली. "त्यांनाच तर हरवायचंय."