पदराखालचा भाव

आमच्या नानांच्या पोटात काही राहत नाही. हे मी मुलगी म्हणून तक्रारीने सांगत नाही, कार्ल्यात कुणालाही विचारा. लोणावळ्यात बंगल्यांचं बुकिंग घेणाऱ्या एका ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगाराचा मेसेज नानांच्या मोबाइलवर आला. माझं बँकेचं खातं नववीत स्कॉलरशिपसाठी उघडलेलं आणि त्याला नंबर नानांचा. संध्याकाळपर्यंत तो आकडा चहाच्या टपरीवरून देवळापर्यंत पोहोचला होता. नानांना अभिमान वाटला होता, दुसरं काही नाही. पण त्याच आठवड्यात चुलते उसने मागायला आले, आणि मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्यांना हात लावायच्या आधी पगाराची खात्री करून घेतली. मी आत भांडी आपटत होते आणि ठरवत होते की यापुढे माझ्या पैशाची बातमी व्हायला नको.

नंबर बदलायचा तर शाखेत जावं लागतं, आणि तिथे कामाला आहे नानांचा जिवलग मारुती. माझा फॉर्म टेबलावर पोहोचायच्या आत नानांना कळलं असतं. ते चिडले असते तर मी पुरून उरले असते, पण ते चिडत नाहीत, रुसतात. जेवणाचं ताट पुढे घेऊन गप्प बसलेले नाना मला बघवत नाहीत.

मग ऑफिसातल्या आकाशने वाट दाखवली. पाहुणे जाताना हातावर ठेवून जातात ते पैसे आणि वरचं कमिशन मला रोख मिळायचं. ते मी आकाशला द्यायचे आणि तो तेवढ्याचं बिटकॉइन माझ्या अॅपमध्ये टाकायचा. तुम्ही म्हणाल, पोरीला श्रीमंत व्हायचा नाद लागला. मला फक्त नानांच्या खिशात न वाजणारा पैसा हवा होता. कर भरायचा तो मी भरणारच होते. मला सरकारपासून काही लपवायचं नव्हतं, टपरीपासून लपवायचं होतं.

आमच्याकडे या बाबतीत प्रत्येकाचं मत पक्कं असतं. चुलते म्हणतात तो हवेतला पैसा. देवळातली मंडळी म्हणतात जुगार. कामशेतचा समर्थ, जो प्लॉट विकतो आणि गळ्यात साखळी घालून बैलांसोबत व्हिडिओ काढतो, तो म्हणतो सगळं बुडीत, त्याच्या पाहुण्यांचे गेले. एका वर्षी भाव असा कोसळला की माझे निम्मे उरले. तेव्हा मला एक गोष्ट कळली. लपवलेला पैसा बुडायला लागला की रडायलाही माणूस मिळत नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन पाहुण्यांना स्विमिंग पूलची वेळ सांगितली. पुढे भाव चढला, चांगलाच चढला, आणि ते हसूही मला एकटीलाच हसावं लागलं.

या सगळ्याचं करायचं काय, ते मला बिजल्याने शिकवलं. बिजल्या म्हणजे आमच्याच गावातल्या शालूमावशींचा खोंड, शर्यतीचा. त्याला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इतकी ओरडले की घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर पाहुण्यांना नुसती खरखर ऐकू गेली. मावशींचे मालक गेल्यापासून तो त्यांना एकटीला आवरेना, म्हणून त्यांनी विकायला काढला. मी मावशींना सांगून ठेवलं की रविवारी येते. बिटकॉइन विकून बैल घरी आणायचा, नानांना दाखवायचा, आणि आकडा मात्र मरेपर्यंत सांगायचा नाही, असा माझा बेत होता. रविवारी नाना मळवलीच्या बंगल्यावर पाहुण्यांच्या दिमतीला असतात. विकलेले पैसे खात्यात आल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर आलाच तर तिथे ऐकणारी पुण्याची माणसं, त्यांना काय पडलंय.

रविवारी मावशींच्या अंगणात पोचले तर निम्मा गाव हजर होता. समर्थ आधीच आलेला, खाटेवर नोटांची बंडलं रचून बसलेला. आणि गोठ्याच्या मेढीला टेकून, बिजल्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते आमचे नाना. पाहुणे उशिरा येणार होते म्हणे. जनावराचा व्यवहार आणि नाना तिथे नाहीत, असं होईल तरी कसं.

समर्थने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, साडेतीन लाख. मग मी पुढे झाले आणि म्हणाले की मलाही बिजल्या घ्यायचाय. हशा झाला. नानांच्या तोंडाचा आ झाला होता. समर्थ म्हणाला, बोल की मग, किती देतेस.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. जनावराचा भाव मोठ्याने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांतच राहतो. ही बोटांची भाषा मला नानांनीच शिकवली. ते काही वर्षं चाकणच्या बाजारात दलाली करायचे आणि घरी आल्यावर खेळ म्हणून माझी बोटं रुमालाखाली धरायचे. दलाली टिकली नाही, कारण भाव ठरला की रुमाल झटकायच्या आत नाना तो चार जणांना सांगून मोकळे व्हायचे.

मी रुमाल मागितला. समर्थ म्हणाला, बाईमाणसाचं काय रुमालाखाली, लाज वाटत नसेल तर मोठ्याने सांग, सगळे आपलेच आहेत. बरेच जण माना डोलवायला लागले. मी मोठ्याने सांगितलं असतं तर समर्थ दहा हजार वर जाऊन बैल घेऊन गेला असता, आणि सोमवारपासून माझ्या दारात चुलत्यांची रांग लागली असती. मी तोंड उघडणार एवढ्यात शालूमावशी खाटेवरून उठल्या.

"देनारी बाई, घेनारी बाई. रुमाल कशाला पायजे?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा पदर ओढला आणि माझ्या हातावर टाकला.

आमच्या गावात हे याआधी कुणी पाहिलं नव्हतं. माणसं पुढे सरकली, जणू जवळून बघितल्याने पदरातून दिसणार होतं. मावशींची बोटं राकट, दूध काढून काढून घट्ट झालेली. त्यांनी माझी बोटं धरली. मी मान हलवून एक सोडवून घेतलं. त्यांनी ते परत पकडलं आणि वर अर्धं कांडं दाबलं. मला हसू येत होतं. समर्थ मागून ओरडला, पावणेचार. मग म्हणाला, चार. मावशींनी वळूनही बघितलं नाही. आपण माझ्या पुढे आहोत की मागे, हेच त्याला कळेना. तो आपल्याच भावावर भाव चढवत होता आणि अंगण हसत होतं. शेवटी मावशींनी माझा अख्खा पंजा आवळला. भाव ठरला. किती, ते तुम्हालाही सांगणार नाही.

"ठरलं," मावशी म्हणाल्या. "पर पैशे आत्ता दिसलं पायजेत. समर्थचं समोर हायेत. तुजं कुटं हायेत?"

मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या की ही नुसती चित्रं आहेत, दिसत नाही तो पैसा कसला. मी म्हटलं, मावशी, बँकेतला तरी कुठे दिसतो. त्या म्हणाल्या, बँकेतला मेसेज तरी करतो. पैसे खात्यात आल्याचा मेसेज दाखव, मग चेक घेते.

मेसेज. तो मेसेज येणार होता दहा पावलांवर, नानांच्या सदऱ्याच्या खिशात.

माघार घेतली असती तर बिजल्या गेला असता. मी बिजल्याकडे बघितलं, तो मान ताणून माझ्याचकडे बघत होता, आणि मी विकायचं बटण दाबलं. डोंगराच्या पायथ्याला रेंज नाही. मी पेंढ्याच्या गंजीवर चढले आणि हात वर करून उभी राहिले. खाली सगळा गाव माना वर करून बघत होता. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, थांबलं, आणि पैसे खात्याकडे निघाल्याचं दिसलं. मी घसरत खाली आले, पेंढा केसांत घेऊन.

मग नानांचा मोबाइल वाजला.

नानांनी चष्मा लावला. त्यांनी मेसेज वाचला, परत वाचला. त्यात आज आलेली रक्कम होती आणि खाली खात्यातली सगळी शिल्लकही होती. नानांचे ओठ हलले. मला तो चेहरा ठाऊक होता, पहिल्या पगाराच्या दिवशी तो असाच फुलला होता. समर्थलाही ठाऊक होता. तो झटकन त्यांच्याजवळ गेला आणि खांद्यावर हात टाकून गोड आवाजात म्हणाला, "नाना, पोरीचं पैशे आलं जनू. किती आलं, सांगा की."

सगळं अंगण नानांकडे वळलं. मी त्यांच्याकडे बघून नुसती ‘नाही’ अशी मान हलवली. तेवढंच करता आलं.

नानांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी गिळताना बघितलं.

"रिचार्ज संपलाय म्हनत्यात," नाना म्हणाले.

समर्थने मोबाइलकडे हात नेला. नानांनी तो छातीशी धरला, सरळ शालूमावशींकडे चालत गेले आणि मोबाइल त्यांच्या पदराखाली सरकवला. मावशींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल परत दिला आणि दावं सोडून माझ्या हातात ठेवलं. मी तिथेच गुडघ्यावर चेकबुक ठेवून चेक लिहिला, तोही सगळ्यांकडे पाठ करून. समर्थने बंडलं पिशवीत भरली आणि जाताना नानांना म्हणाला, तुमी बदललात नाना. मला इतका आनंद झाला होता की मी बिजल्याच्या मानेला मिठी मारली आणि त्याने मला शिंगाने हळूच बाजूला केलं.

घरी जाताना नानांनी दावं स्वतःकडे घेतलं. मी मागून चालत होते, आता ऐकून घ्यायचं म्हणून तयार. मी त्यांच्यापासून पैसा लपवत होते ते त्यांना कळलंच होतं. शेताच्या बांधावर ते थांबले.

"उद्या बँकेत जा. खात्याला तुजा नंबर लाव. मारुतीला म्या सांगतो, म्याच धाडलीया म्हनून."

"नाना, तुमी रागावलात?"

"न्हाई गं." ते बिजल्याच्या पाठीवरची धूळ झटकत राहिले. "आज गिळलं म्या. दुसऱ्या डावाला गिळता येईल का, मला भरवसा न्हाई."

मला रडू फुटलं. रस्त्यावरून टपरीवरच्या दोघांनी हाक मारून विचारलं, कितीला पडला नाना. नानांनी नुसता हात हलवला. पण त्यांची चुळबुळ थांबेना. ते दोन पावलं पुढे जात, थांबत, मागे बघत. शेवटी त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते बघितलं, माझ्याजवळ आले, कानाशी वाकले आणि माझ्या खात्यातला आकडा मलाच सांगितला, शेवटच्या रुपयापर्यंत.

"काय सांगता नाना," मी म्हणाले.