रोटीवरच्या दोन चिमट्या

मित्रांनो, मी एक म्हातारा टॅब आहे, आणि स्वभावानं पहिल्यापासून संशयी. मोरोक्कोतल्या रबात शहरातल्या इक्रामनं मला विकत घेतलं आणि फेस शहरात आपल्या आईकडे, लल्ला बतूलकडे धाडलं. आमच्याकडे आदरानं बाईला लल्ला आणि पुरुषाला सी म्हणतात. उतारवयात डोकं शाबूत राहावं म्हणून माझ्यात एक कार्यक्रम भरलेला होता. रोज किती चाललात, काय खाल्लंत, आणि सकाळी दहा शब्द आठवायची परीक्षा. गुण थेट लेकीला आणि आईच्या डॉक्टरीणबाईंना जायचे.

लल्लाला मी डोळ्यांसमोर नको होतो. "हा लेकीचा चुगलखोर आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "गुण कमी पडले की मला उचलून रबातला नेतील." आणि माझ्यावर फडकं टाकलं.

तरी गुण यायला लागले. दहापैकी नऊ, कधी दहा! इक्राम फोनवर कौतुक करी, डॉक्टरीणबाई शाबासकी धाडत. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो. पण मनात पाल चुकचुकायची. कणीक मळणारी बोटं मऊ असतात. माझ्यावर फिरत होती ती खरखरीत बोटं, जन्मभर नक्षीच्या फरशा घडवून झिजलेली. परीक्षा तिचे यजमान सी तैयब देत होते! दार लोटून, चष्मा पुसून. बायको घरातून जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

एका दुपारी लल्ला गल्लीतल्या भट्टीवरून रोट्या घेऊन आली. तिथं साऱ्या घरांच्या रोट्या एकत्र भाजतात, म्हणून ज्याची त्याची खूण असते. लल्लाची खूण मधोमध दोन चिमट्या. सी तैयबनी घास मोडला आणि ते थांबले. रोटीत बडीशेप होती, वर चिमट्या नव्हत्या.

"अगं, ही आपली नव्हे."

"आपलीच की. तुमची जीभ म्हातारी झालीय," असं म्हणून ती खात राहिली.

चाळीस वर्षांत तिनं परकी रोटी घरात आणली नव्हती. त्यांनी माझ्यावरचं फडकं काढलं आणि मला तिच्या हातात दिलं. तिला तीन शब्द आठवले. मग त्यांनी लेकीला फोन लावला. "आठ महिने मीच उत्तरं देत होतो, पोरी," एवढंच बोलले आणि रडले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आठ महिने आधी कळायला हवं होतं, इतकंच म्हणाल्या.

लल्ला अजून फेसलाच आहे. आता इक्रामच इथं राहायला आली आहे. मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण मायेपोटीसुद्धा आपल्या माणसाची परीक्षा तुम्ही देऊ नका. सी तैयबनी छिन्नीनं माझ्या पाठीवर दोन चिमट्या कोरल्या आहेत. रोज सकाळी लल्ला विचारते, हा कुणाचा? मग बोटानं पाठ चाचपते आणि म्हणते, "आपलाच."