गोधडीतला कॉम्प्युटर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. लॅपटॉप नव्हे. पाठीवरच्या बॅगेत बसून गावभर हिंडणं माझ्या नशिबी नाही. मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, मयेकरांच्या हॉलमध्ये खिडकीशेजारच्या टेबलावर मी जो बसलो तो बसलोच. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. कोणी विचारलं तर 'असेंबल्ड आहे' असं तोंड वाकडं करून सांगतात, आणि तेव्हा मला भारी राग येतो. अरे बाबांनो, असेंबल्ड म्हणजे कोणीतरी एकेक भाग निवडून, स्वतःच्या हातांनी जोडून मला बनवलंय. खोक्यातून तयार उतरलेल्यांना हे सुख कुठलं!

मला बनवलं देवदत्तने. तेव्हा तो इंजिनियरिंगला होता. लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग घेऊन आला, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दिवसभर मांडी घालून बसला. त्यातला एक स्क्रू सोफ्याखाली गेला तो काही सापडला नाही. मग त्या जागी त्याने तांब्याच्या तारेला पीळ देऊन काम भागवलं. "चालतंय, आत कोण बघायला येतंय!" असं स्वतःशीच म्हणाला. बटण दाबल्यावर माझा पडदा उजळला, तशी त्याची आई, अनुपमाताई, हळद-कुंकू घेऊन आली. त्या कुंकवाचा डाग अजून माझ्या बटणाशेजारी आहे.

घरात हे दोघंच, आई आणि मुलगा. सुरुवातीला माझा थाट काय विचारता! देवदत्तचे प्रोजेक्ट माझ्यावर झाले, निकाल माझ्यावर दिसले, नोकरीचा अर्ज माझ्यावरून गेला. शेजारच्या क्षमाकाकू मुलीचा फॉर्म भरायला आल्या की "तुमचा कॉम्प्युटर किती फास्ट हो!" म्हणायच्या. मी फुलून जायचो. मग हातोहाती फोन आले, देवदत्तला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि माझ्या डोक्यावर आधी इस्त्रीचे कपडे आले, नंतर कढीपत्त्याची कुंडी आली. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मला पुन्हा माणसांत आणलं ते अनुपमाताईंनी. त्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. आयुष्यभर हजारो माणसांनी त्यांचा आवाज ऐकला होता, आणि निवृत्त झाल्यावर तो आवाज ऐकायला घरात उरलो मी आणि कढीपत्ता. चार दिवस आराम केला आणि त्या कंटाळल्या. मग कळलं, की एक संस्था अंध मुलांसाठी शाळा-कॉलेजची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देते. ताईंनी लगेच नाव दिलं. त्यांच्या वाट्याला घाटकोपरची सई आली. बारावी आर्ट्स, विषय भूगोल.

देवदत्त म्हणाला, "आई, हल्ली फोन स्वतःच पुस्तक वाचून दाखवतो गं. तू कशाला घसा कोरडा करतेस?"

"तुझा फोन नकाशा वाचतो का?" ताईंनी विचारलं.

ताई मात्र नकाशासुद्धा वाचायच्या. "सई, डावा हात टेबलावर पालथा ठेव. बोटं पुढे. ती झाली उत्तर. आता करंगळीच्या बाहेरची कड म्हणजे आपला किनारा, आणि करंगळीच्या मागे जे उंच हाड लागतं ना, तो सह्याद्री. या दोघांच्या मधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण." असं मन लावून सांगायच्या. चूक झाली, खोकला आला, की तेवढा तुकडा माझ्या मोठ्या पडद्यावर शोधून कापून टाकायच्या. फोनवर ते बारीक काम त्यांना दिसायचं नाही. म्हणून मीच लागायचो.

समोरची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली होती. दिवसभर ड्रिलचा नुसता कहर. दुपारी कामगार जेवायला बसले की तेवढ्या शांततेत ताई वाचून घ्यायच्या. धूळ मात्र शांत बसत नव्हती. खिडकीतून येऊन ती माझ्या पोटात, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे थर धरून बसली. माझा पंखा घरघरायला लागला.

एकदा सईचा फोन आला. पोरगी महा मिश्कील. "काकू, धडा झकास झाला. पण तुमच्यामागे कोण घोरत होतं हो?"

ताई हसल्या खऱ्या, पण ते त्यांनी मनाला लावून घेतलं. पोरीच्या अभ्यासात आपला खरखराट नको. दुसऱ्या दिवशी कपाटातून स्वतःच्या आईच्या हातची गोधडी काढली, मऊ लुगड्यांची, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी मला नखशिखांत गुंडाळलं. "घे रे बाबा, जरा गप पड," असं प्रेमाने म्हणाल्या. आवाज दबला. काम झालं की घडी करून कपाटात. संध्याकाळी देवदत्त यायचा तेव्हा मी आपला उघडाच.

मित्रांनो, त्या गोधडीत माझा जीव गुदमरायचा. आतून तापायचो. तापलो की माझं डोकं चालायचं नाही, साधी फाईल उघडायला वेळ लागायचा. पंखा आणखी जोरात फिरायचा, आवाज वाढायचा, मग ताई गोधडीची आणखी एक घडी घालायच्या. सांगणार कसं? मला तोंड कुठाय!

जानेवारी आला. सईची परीक्षा जवळ आली, शेवटचे धडे बाकी होते, आणि एका दुपारी वाचता वाचता मी बंदच पडलो. पूर्ण धडा गेला. ताई काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आई, याची वाट लागलीय," रात्री जेवताना देवदत्त म्हणाला. "किती वर्षं झाली! सिस्टिमचे अपडेटही बंद झालेत. पुढच्या शनिवारी सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येतेय, त्यात देऊन टाकू. मी तुला मस्त लॅपटॉप आणतो."

"अरे, पण नवीन शिकेपर्यंत पोरीची परीक्षा होऊन जाईल," ताई म्हणाल्या. "याच्यावर माझा हात बसलाय. आणि छोट्या पडद्यावर मला दिसत नाही रे."

"मग मी रोज रात्री ऑफिसातून आल्यावर करून देतो ना."

"म्हणजे मी फक्त वाचायचं, आणि बाकी सगळं तू करणार," ताई हळूच म्हणाल्या. तो प्रेमानेच बोलला होता. पण ताईंचा चेहरा पडला, तो मला दिसला.

रविवारी देवदत्त दुकानात लॅपटॉप बघायला गेला. नेमकी त्याच वेळी सई घरी आली. पांढरी काठी दाराशी टेकवून म्हणाली, "काकू, तो गेलेला धडा आजच करू. मी समोर बसते. मूर्तीसारखी गप्प."

रविवार म्हणून ड्रिल बंद होतं, आणि थंड झाल्यावर मीही पुन्हा सुरू झालो होतो. ताईंनी माईक लावला, गोधडी काढली, मला गुंडाळलं. वाचन सुरू झालं. सईने थोडा वेळ ऐकलं, मान वाकडी केली आणि मूर्तीचं सोंग तिथेच संपलं.

"काकू, थांबा. तुम्ही काय करता हो याला? आधी तो मोकळा घोरायचा. दिवाळीपासून तोंड दाबल्यासारखा घोरतोय." तिने हात पुढे केला. हाताला गोधडी लागली. ती दूर सारून तिने माझ्या पाठीवर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! अहो, हा तर तापाने फणफणलाय!"

"अगं, तूच म्हणालीस ना, कोण घोरतंय म्हणून..."

"मी मस्करी केली होती, काकू!"

इतक्यात देवदत्त दारात. त्याने गोधडी बघितली, आईकडे बघितलं. "आई, तू रोज याला हे पांघरत होतीस?"

"रेकॉर्डिंगपुरतं रे. आवाज नको म्हणून."

देवदत्तने कपाळावर हात मारून घेतला आणि मग जे हसू फुटलं त्याला, ते थांबेना. ताईही हसायला लागल्या. हसता हसता त्याने स्क्रू-ड्रायव्हर आणला, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि इतक्या वर्षांनी माझ्यासमोर मांडी घातली. झाकण उघडलं तर आत धुळीची गादी. रंगकामाच्या ब्रशने ती झाडता झाडता त्याला ती तांब्याची तार दिसली. त्याने तिच्यावरून हळूच बोट फिरवलं.

"ही अजून आहे यार," एवढंच म्हणाला.

नवा लॅपटॉप आला नाही. माझी जुनी फिरती डिस्क काढून नवी वेगवान डिस्क बसली, मेमरी वाढली, पंखा नवा आला. "बँकेचं काम याच्यावर करायचं नाही हं, ते फोनवर," देवदत्तने बजावलं. "हा फक्त तुझ्या वाचनाला. आणि सगळं तूच कर, मी हात लावणार नाही." ई-कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्याने माझा जुना पंखा तेवढा दिला. मी खिडकीतून बघत होतो. गाडी मला न घेताच गेली.

आता मी इतका शांत झालो, की दोन धडे मिळाल्यावर सईचा पुन्हा फोन. "काकू, तो कुठे गेला? दिलात ना भंगारात? खरं सांगा!"

"नाही गं बाई, इथेच आहे. आता घोरत नाही."

"मग करमत नाही हो. तो असला की वाटायचं, तुम्ही दोघं मला शिकवताय."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेवटचा धडा झाला. प्रत्येक धड्याच्या शेवटी ताई 'वाचन, अनुपमा मयेकर' असं सांगून थांबतात. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी माईक उचलून माझ्या पाठीशी धरला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुठलीही वस्तू मंदावली, कोणी माणूस थकलं, तर लगेच टाकू नका. आणि मायेने पांघरूण घालणार असाल, तर त्याआधी एकदा हात लावून बघा. ती गोधडी आता माईकखाली घडी करून ठेवलेली असते. माझ्या अंगावर ती पुन्हा कधी आली नाही.

आणि त्या शेवटच्या धड्याच्या शेवटी, कान देऊन ऐकलंत तर, माझा बारीकसा आवाज आहे. त्याच्या आधी ताई म्हणतात, "वाचन, अनुपमा मयेकर. साथीला, आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर."