चादरीचं दुसरं टोक

वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम झाल्या, तेव्हा त्यांची थोरली नणंद तिथे घड्या घालायच्या कामावर आधीपासूनच होती. हुकूम सोडतानाही वहिनींच्या तोंडून ‘वन्सं, जरा उचला’ असंच निघे आणि बाकीच्या बायका पदराआड हसत.

कामाचा उत्साह वाढावा म्हणून साहेबांनी दाराशी फळा लावला. महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो त्यावर झळकणार होता. पहिला मान वन्संना मिळाला आणि तिथूनच बिनसलं. त्यांचा चपळ हात दिवसेंदिवस मंदावत गेला. साहेब म्हणाले, डोक्यात हवा गेली. वहिनींनाही तसंच वाटत होतं. पण एका दुपारी वाफेच्या धगीत त्यांनी पाहिलं, तर वन्सं भलीमोठी चादर हनुवटीखाली धरून एकट्याच घडी घालत होत्या. शेजारी चौघी उभ्या होत्या. एकीनेही दुसरं टोक धरलं नाही.

घरी भांडी घासताना वहिनींनी विषय काढला. बक्षीस एकटीला, तर चादरही एकटीलाच, असं बायकांनी ठरवलं होतं म्हणे.

“मी मुद्दामच हळू करते,” वन्संनी खाली मान घालून सांगितलं. “तो फोटो उतरला की सुटले.”

सकाळी वहिनींनी पेचकस घेऊन फळा काढला आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब भडकले. बक्षिसाशिवाय कोण मन लावून राबणार, असा त्यांचा सवाल होता.

“फळा नव्हता तेव्हाही राबतच होतो की, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या जोड्या आम्हाला ठरवू द्या. ढीग वाढला तर माझी मुकादमकी काढून घ्या.”

साहेबांनी नाखुशीने मान डोलावली.

फळा उतरला तरी मनातली अढी उतरेना. जोड्या जुळल्या, वन्सं तेवढ्या उरल्या. वहिनींनी पदर खोचला आणि स्वतःच दुसरं टोक धरलं. घरचीच माणसं सांभाळतात, अशी कुजबुज झाली. वहिनी हटल्या नाहीत. त्या प्रत्येकीच्या टेबलाशी जाऊन हात लावू लागल्या, काम कुठे अडतं ते विचारू लागल्या. घड्यांची टेबलं यंत्रांपासून फार लांब आहेत, असं बायका म्हणाल्या, तेव्हा वहिनींनी त्यांच्याच सल्ल्याने ती हलवली. खांदे भरून येत होते, स्वतःची कामं संध्याकाळपर्यंत रखडत होती. पण नेम मोडला नाही.

मग एकदा धुलाईयंत्र बंद पडलं आणि वहिनींना चादर टाकून धावावं लागलं. परत आल्या, तर सगळ्यांत तिखट जिभेची बाई त्यांच्या जागी उभी होती.

“ताठ धरा, चुण्या पडतायत,” ती वन्संवर खेकसली.

वन्संनीही तिला तसंच सुनावलं, आणि बघता बघता त्या टेबलावरचा ढीग उतरायला लागला.

वहिनींनी तिकडे पाहिलंच नाही, असं दाखवलं. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या आणि कपड्यांच्या ढकलगाड्यांना नवी चाकं हवीत म्हणून अडून बसल्या.